पेटीतल्या बाळाचे उपचार थांबवता येतात का? कायदा काय म्हणतो, आईबापांनी काय विचारावं

सोनोग्राफीत व्यंग उशिरा दिसलं, २४ आठवडे उलटून गेले होते, म्हणून गर्भपाताची परवानगी मागायला एक जोडपं मुंबई उच्च न्यायालयात गेलं, अशी बातमी अधूनमधून वाचायला मिळते. त्यावर घरोघरी वाद रंगतात. पण तेच व्यंग बाळ जन्मल्यावर कळलं तर? त्याची बातमी होत नाही. ते प्रकरण कोर्टापर्यंत क्वचितच जातं. ते मिटतं एनआयसीयूच्या दाराबाहेर, बाकड्यावर बसून केलेल्या एका सहीत.

एनआयसीयू म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, ‘बाळाला पेटीत ठेवलंय’ म्हणतात तो. आणि सही होते त्या कागदाला दवाखान्यात सगळे ‘लामा’ म्हणतात. डॉक्टरांचा सल्ला न मानता आम्ही आमच्या जबाबदारीवर रुग्णाला नेत आहोत, असं लिहून देण्याचा हा फॉर्म. बाप सही करतो, सिस्टर सलाईनची सुई काढून कापूस दाबून धरते, आजी बाळाला दुपट्यात गुंडाळते. पुढे त्या बाळाचं काय झालं, हे दवाखान्याच्या वहीत नसतं. तिथे शेवटची नोंद ‘सल्ल्याविरुद्ध नेलं’ एवढीच.

माझा आक्षेप या कागदावर आहे. त्याच्याआड दोन अगदी वेगळे निर्णय लपतात. एक योग्य असू शकतो, माणुसकीचाही असू शकतो. दुसरा सरळ अन्याय असतो. सही मात्र एकाच ओळीवर होते.

‘वाचणार नाही’ की ‘आपल्यासारखं होणार नाही’?

काही बाळांच्या मेंदूचा वरचा भाग आणि कवटी तयारच झालेली नसते. ती बहुधा काही तासांत किंवा दिवसांत जातात. जगातल्या कुठल्याही रुग्णालयात नेलं तरी. दोन्ही मूत्रपिंडं नसलेल्या बाळाचंही बहुतेक वेळा तसंच होतं, कारण गर्भजल नसल्यामुळे त्याची फुप्फुसं वाढलेलीच नसतात. इथे मशिन लावून मृत्यू फक्त लांबवला जातो.

आता दुसरं बाळ घ्या. याला डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे पेशींमध्ये २१ क्रमांकाचं एक गुणसूत्र जास्तीचं आहे. शिवाय जठराच्या लगेच पुढे आतडं बंद आहे. दूध पाजलं की उलटी होते, ती बहुधा हिरवट. ऑपरेशन केलं नाही तर बाळ उपाशी मरेल. केलं तर इतर बाळांसारखं दूध पिईल, घरी जाईल, वाढेल. बौद्धिक वाढ संथ असेल, हृदयाचाही दोष असू शकतो. पण प्रगत देशांत डाउन सिंड्रोम असलेली माणसं आज साठीच्या आसपास पोहोचतात.

दोन्ही घरांत नातेवाईक एकच वाक्य बोलतात: ‘काही उपयोग नाही हो.’ पहिल्या बाळाबद्दल ते खरं आहे. दुसऱ्याबद्दल त्याचा अर्थ ‘असं मूल आम्हाला नको’ एवढाच होतो.

मधली बाळं सगळ्यात अवघड. जन्मताना न रडलेली, मेंदूला प्राणवायू कमी पडलेली. सहाव्या महिन्यात जन्मून मेंदूत मोठा रक्तस्राव झालेली. पाठीच्या कण्याचं तोंड उघडं राहून कमरेखाली लुळी पडलेली. यांचं काय होणार हे पहिल्या दिवशी कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून चांगले नवजाततज्ज्ञ ठरावीक मुदतीसाठी उपचार सुरू करतात. भिंत कलली की आपण टेकू लावतो, मग पाया तपासतो. पाया शाबूत असेल तर भिंत दुरुस्त करायची, खचलाच असेल तर टेकू जन्मभर ठेवून भिंत उभी राहिली असं म्हणता येत नाही. व्हेंटिलेटर हा असा टेकू आहे. तो लावला म्हणजे आता काढताच येणार नाही, या भीतीने तो लावूच न देणं ही मोठी चूक. तपासायला वेळ मिळावा, म्हणून तर तो असतो.

ब्लूमिंग्टनचं बाळ

या दोन निर्णयांची गल्लत जगासमोर आली ती अमेरिकेत. एप्रिल १९८२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टन गावात डाउन सिंड्रोम असलेलं एक बाळ जन्मलं. त्याची अन्ननलिका जठराला जोडलेली नव्हती. ऑपरेशन शक्य होतं. प्रसूतितज्ज्ञाने आईबापांना ऑपरेशन न करण्याचाही पर्याय आहे असं सांगितलं आणि त्यांनी तो घेतला. रुग्णालय कोर्टात गेलं, कोर्टाने निर्णय आईबापांचा असं म्हटलं. बाळ सहा दिवसांचं होऊन गेलं. त्याची ओळख कागदोपत्री ‘बेबी डो’ एवढीच.

देशभर गदारोळ झाला. रेगन सरकारने रुग्णालयांत सूचनाफलक लावायला लावले: अपंग बाळाचे उपचार नाकारले जात असतील तर या नंबरवर फोन करा. चौकशी पथकं अतिदक्षता विभागात येऊन धडकू लागली. डॉक्टर वैतागले आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले. पण त्याआधी, १९८४ साली, बालकांच्या छळाविरुद्धच्या कायद्यात झालेली दुरुस्ती टिकली. बाळ कधीही न सुधारणाऱ्या बेशुद्धीत असेल, उपचारांनी फक्त मरण लांबत असेल, किंवा उपचार जवळजवळ निरुपयोगी आणि वर अमानुष असतील, तरच ते रोखता येतात. दूध-पाणी आणि योग्य ती औषधं मात्र चालू ठेवायची. या यादीत ‘अपंग असेल तर’ असं कुठेही नाही.

इंग्लंडमध्ये १९८१ या एकाच वर्षात दोन टोकं दिसली. आतडं बंद असलेल्या डाउन सिंड्रोमच्या मुलीचं ऑपरेशन आईबापांनी नाकारलं, तेव्हा अपील न्यायालयाने ते करायला लावलं. प्रश्न असा ठेवला की, या मुलीचं आयुष्य इतकं भयंकर असणार आहे का, की तिला मरणाची शिक्षाच द्यावी? त्याच वर्षी डर्बीचे डॉ. लिओनार्ड आर्थर यांच्यावर खटला चालला. आईबापांनी नाकारलेल्या डाउन सिंड्रोमच्या बाळाला त्यांनी ‘फक्त शुश्रूषा’ असं लिहून गुंगीचं औषध दिलं होतं. ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडलं. न्यायाधीशांनी बाळाकडे पाहिलं, ज्यूरीने डॉक्टरच्या सद्भावनेकडे.

आपल्याकडे बाळ ‘माणूस’ कधी होतं?

पूर्ण बाहेर येण्याआधीच. भारतीय न्याय संहितेचं कलम १०० सदोष मनुष्यवधाचं आहे. त्यातल्या तिसऱ्या स्पष्टीकरणाप्रमाणे जिवंत बाळाचा कोणताही भाग बाहेर आला असेल, तर त्याचा मृत्यू घडवणं हा मनुष्यवध ठरू शकतो, मग त्याने श्वासही घेतलेला नसो. जुन्या दंडसंहितेतही हेच होतं.

मग आईबापांच्या संमतीला किंमत किती? कलम २७ सांगतं, की बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी, पालकांच्या संमतीने, सद्भावनेने केलेली कृती गुन्हा नाही. त्यातूनच बाळाच्या ऑपरेशनला तुमची सही चालते. पण त्याच कलमाला परंतुक आहे: जाणूनबुजून मृत्यू घडवणं यात बसत नाही. आईबाप बाळाच्या वतीने निर्णय घेतात. बाळ त्यांच्या मालकीचं नसतं.

तर मग व्हेंटिलेटर काढता येतो तो कसा?

याची सुरुवात मुंबईत झाली. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये त्यांचं अन्न थांबवायला नकार दिला, पण ठरावीक परिस्थितीत जीवरक्षक उपचार मागे घेता येतील, हे तत्त्व मान्य केलं. ९ मार्च २०१८ च्या निकालात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. पद्धत मात्र इतकी किचकट आखली होती की ती कुणी वापरेना. जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी झाली.

आज ती अशी आहे. रुग्णालय एक प्राथमिक मंडळ नेमतं: उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले किमान ५ वर्षं अनुभव असलेले दोन तज्ज्ञ. ते घरच्यांशी बोलतात, लेखी संमती घेतात आणि शक्यतो ४८ तासांत मत देतात. मग दुसरं मंडळ तेच तपासतं. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेले डॉक्टर आणि दोन वेगळे तज्ज्ञ असतात. दोन्हींचं एकमत झालं की प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला कळवून उपचार मागे घेतले जातात. परवानगी मागत बसावं लागत नाही, कळवावं लागतं. मतभेद झाले तर उच्च न्यायालय.

ही पद्धत मोठ्या माणसांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहे. नवजात बाळांसाठी भारतात वेगळा कायदा नाही. पण ज्याने स्वतःची इच्छा लिहून ठेवलेली नाही आणि जो ती सांगूही शकत नाही, अशा रुग्णांनाही ती लागू आहे, आणि बाळ याच गटात येतं. अट एकच: आजार बरा न होणारा, सुधारण्याची आशा संपलेली. नुसतं व्यंग या अटीत बसत नाही. आतडं बंद असलेल्या बाळाचं ऑपरेशन टाळायला हा रस्ता नाही.

‘पोटात असताना चालतं, मग जन्मल्यावर का नाही?’

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला गुळगुळीत उत्तर देऊ नये. वैद्यकीय गर्भपात कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. गर्भात गंभीर व्यंग असल्याचं वैद्यकीय मंडळाने सांगितलं, तर आता आठवड्यांची मर्यादा नाही. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तर मंडळाचं मत बाजूला ठेवून ३२ आठवड्यांच्या पुढच्या गर्भाबाबत निर्णय त्या बाईचा असल्याचं म्हटलं. म्हणजे ३३व्या आठवड्यात पोटातला गर्भ आणि ३३व्या आठवड्यात जन्मून पेटीत ठेवलेलं बाळ, यांना कायदा वेगळं वागवतो. दोघांची वाढ सारखीच.

फरक बाळात नाही, आईत आहे. गर्भ तिच्या शरीरात आहे. तिला बाजूला ठेवून त्याच्याबद्दल काहीच ठरवता येत नाही. जन्मल्यावर बाळाची काळजी दुसरं कुणीही घेऊ शकतं. हे उत्तर सगळ्यांना पटत नाही. अपंगांच्या हक्कांसाठी झगडणारे अनेक जण गर्भाबाबतच्या या सवलतीवरच बोट ठेवतात, आणि त्यांचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही.

याच सीमेवर एप्रिल २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. महेश सोनक यांच्या खंडपीठाने एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. कोर्टाच्या परवानगीने गर्भपात करताना बाळ जिवंत जन्मलं, तर डॉक्टरांनी त्याला उपलब्ध असलेले उत्तम उपचार द्यायचे. आईबाप सांभाळायला तयार नसतील किंवा सांभाळू शकत नसतील, तर जबाबदारी सरकारची. नको म्हणून कोर्टात आलेलं मूलही बाहेर आल्या क्षणी पूर्ण हक्काचं माणूस, असा याचा अर्थ.

‘तडफडण्यापेक्षा एक इंजेक्शन द्या’

हे भारतात करता येत नाही, तो खूनच. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेन शहरातल्या रुग्णालयाने २००४ मध्ये सरकारी वकिलांशी बोलून यासाठी नियम आखले: यातना असह्य आणि आशा नसलेल्या हव्यात, निदान पक्कं हवं, बाहेरच्या स्वतंत्र डॉक्टरची खातरी हवी, आई आणि बाप दोघांची संमती हवी. त्यावर टीका झाली ती मुख्यतः अशी, की आधी नोंदलेली प्रकरणं कण्याचं तोंड उघडं राहिलेल्या बाळांची होती. त्यातली काही बाळं वर्षानुवर्षं जगली असती.

मला इथे वेगळाच मुद्दा महत्त्वाचा वाटतो. ‘तडफड’ बहुतेक वेळा वेदनांवर उपचार न झाल्याची असते. वेदनाशामक मॉर्फिन तोलून दिलं, दम लागणं कमी केलं, झटके थांबवले, नळ्या काढून बाळ आईच्या छातीशी दिलं, तर तडफड खूप कमी होते. याला परिहार सेवा म्हणतात, इंग्रजीतला पॅलिएटिव्ह केअर हा शब्दच जास्त चालतो. ते करताना बाळ गेलं, तर तो आजाराने आलेला मृत्यू. ‘लामा’वर सही करून नेलेल्या बाळाला यातलं काहीच मिळत नाही. झटके येत असलेलं बाळ रिक्षात, एसटीत, नाहीतर वडापच्या मागच्या सीटवर असतं.

‘डॉक्टर म्हणालेत, म्हणजे झालंच ना?’

निदान बहुधा बरोबर असतं. भाकीत तितकं नाही.

इंग्लंडमधल्या शेफील्डचे डॉ. जॉन लॉर्बर यांनी १९७१ साली, कण्याचं तोंड उघडं राहिलेल्या कुठल्या बाळांवर ऑपरेशन करू नये याचे निकष मांडले. पक्षाघात किती वरपर्यंत, डोकं किती मोठं, पाठीला बाक किती, यावरून. या निकषांमुळे ऑपरेशन न झालेली बरीचशी बाळं काही महिन्यांत गेली. पण शिकागोमध्ये अशा बाळांवर सरसकट ऑपरेशन करायला सुरुवात झाली, तेव्हा जगलेल्या बहुतेकांची बुद्धी सर्वसामान्य निघाली. म्हणजे लॉर्बर यांचं भाकीत खरं ठरण्यात ‘उपचारच केले नाहीत’ याचाही वाटा होता.

दुसरी गोष्ट, अपंग आयुष्याची किंमत कोण ठरवतं? कॅनडातल्या नवजाततज्ज्ञ डॉ. सरोज सैगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अपंगत्वासह जगण्याची वेगवेगळी वर्णनं त्यांनी डॉक्टर-नर्सेसना, पालकांना आणि खूप कमी वजनाचे जन्मलेल्या, आता वयात आलेल्या मुलामुलींना दिली. गंभीर अपंगत्वाच्या आयुष्याला डॉक्टर-नर्सेसनी कमी गुण दिले; पालकांनी आणि त्या मुलांनी जास्त. पेटीशेजारी उभं राहून ‘याचं कसलं आयुष्य’ म्हणणारा माणूस ते आयुष्य जगलेला नसतो. म्हणून दुसऱ्या तज्ज्ञाचं मत मागा. मेंदूचा प्रश्न असेल तर एमआरआय आणि मेंदूचा आलेख होईपर्यंत थांबायला हरकत आहे का, हेही विचारा.

‘बोलायला सोपं आहे, बिल कोण भरणार?’

खरा अडसर हाच. खाजगी एनआयसीयूत दिवसाला काही हजार लागतात आणि मुक्काम आठवड्यांचा असतो. शेत गहाण पडतं, घरातल्या मोठ्या मुलांची शाळा सुटते. या आईबापांना क्रूर म्हणणाऱ्यांनी आधी ते बिल पाहावं.

पण पैशाने घेतलेल्या निर्णयाला नशिबाचं नाव देऊ नये, आणि सही करण्याआधी काही दारं ठोठवावीत. जिल्हा रुग्णालयांत नवजात बाळांचा विशेष कक्ष असतो. सरकारी रुग्णालयात आजारी तान्ह्या बाळाचे उपचार, औषधं आणि नेआण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात फुकट आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अनेक नवजात उपचार येतात, आणि यादीतल्या खाजगी रुग्णालयांतही ती चालते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला तोच २०१३ मध्ये पालघरमधून. जन्मजात व्यंगांची तपासणी, संदर्भसेवा आणि ऑपरेशन हे त्याचं काम. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा न राहणं) किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी ‘निरामय’ विमा १ लाखापर्यंत आहे. हे सगळं वेळेवर मिळतंच असं नाही, हेलपाटे पडतात. रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना गाठा. कुठला कागद कुठल्या खिडकीवर, हे त्यांना ठाऊक असतं.

आणि मूल सांभाळणं शक्यच नसेल तर? बाळाला टाकून देणं हा सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. पण बाल न्याय कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे जाऊन मूल रीतसर सोपवता येतं, आणि फेरविचाराला दोन महिने मिळतात. ऑपरेशन नाकारून बाळ मरू देण्यापेक्षा हा रस्ता बाळासाठी केव्हाही बरा.

सही करण्याआधी

डॉक्टरांना सरळ विचारा: माझं बाळ मरणाच्या दारात आहे, की अपंग होऊन जगणार आहे? उत्तर ‘दोन्हीतलं काहीही’ असेल, तर मुदतीचे उपचार मागा आणि पुन्हा कधी बसायचं ती तारीख ठरवा. उत्तर पहिलं असेल, तर ‘लामा’ऐवजी मंडळाची पद्धत वापरा असं म्हणा. डॉक्टर बिचकतील, कारण पोलीस केसची धास्ती त्यांनाही असते; पण नोंदी नीट असलेली, दोन मंडळांनी पाहिलेली फाइल त्यांच्याही बचावाची आहे. हृदय थांबल्यावर पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करायचा की नाही, हे आधीच चर्चा करून लिहून ठेवण्याबद्दल आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२० च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यांचीही आठवण करून द्या.

शेवटचे दिवस घरी काढायचे ठरलं, तर डिस्चार्ज कागदावर निदान आणि ‘परिहार सेवेसाठी घरी’ असं स्पष्ट लिहून घ्या. दूध कसं आणि किती पाजायचं, झटका आला तर कुठलं औषध किती थेंब, वेदनेसाठी काय, रात्री दोन वाजता फोन कुणाला करायचा. आणि विचारायला जीभ रेटत नाही तो प्रश्नही विचाराच: घरी बाळ गेलं तर मृत्यूच्या कारणाचा दाखला कुठले डॉक्टर देतील? त्यांचं नाव आणि नंबर त्याच कागदावर असू दे. नाहीतर ग्रामपंचायतीत नोंद करताना, आधीच खचलेल्या बापाला गावातल्या दवाखान्यांचे उंबरे झिजवावे लागतात.